‘रायफल खोटी निघाली’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांचं पत्र वाचलं. अकरावीतल्या लेकीला हौसेनं एअर रायफल घेतली, वर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, बसवून घेतला, पण वीस मीटरवरचा वीतभर कागदसुद्धा सापडेना. दुकानदारानं स्कोप बदलून दिला, अर्थात पैसे घेऊन. नव्या स्कोपनंही तेच. शेवटी वैतागून त्यांनी लिहिलंय की रायफलच खोटी निघाली, ग्राहकांनी सावध राहावं. वाचता वाचता माझा चहा निवला. सहा वर्षांपूर्वी अगदी असंच पत्र मीही लिहायला घेतलं होतं. पाकीटसुद्धा आणलं होतं.

मी लिहिणारा माणूस नव्हे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत जेकार्ड मागांवर, म्हणजे वरच्या यंत्रातल्या भोकांच्या पुठ्ठ्यांनी नक्षी विणणाऱ्या मागांवर, एकतीस वर्षं जॉबर म्हणून काढली. माग अडला की ज्याच्या नावानं हाक पडते तो जॉबर. टॉवेलवरची नक्षी तुटली की विणकर हमखास सांगणार, ‘जेकार्ड गेलं’. आम्ही मात्र वर चढून पुठ्ठे उलगडायच्या आधी खाली वाकून नट चाचपायचो. पुष्कळदा नटच ढिला असायचा. एवढं हाडीमासी खिळलेला माणूस स्वतःच्या रायफलीच्या वेळी मात्र थेट पुठ्ठ्यांना हात घालून बसला आणि दोन स्कोपांचे पैसे घालवले. त्या गृहस्थांचे तरी आणखी जाऊ नयेत, म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, रागावू नये. लेकीला स्पर्धेत उतरायचं असेल तर तो स्कोप काढून कपाटात ठेवा. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दुर्बिणीला परवानगीच नसते. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रानं याच प्रकारात सुवर्ण मिळवलं. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं पन्नास मीटरच्या तीन पोझिशनमध्ये कांस्य आणलं. दोघांच्याही रायफलीवर भिंगाची दुर्बीण नव्हती. डोळ्यापाशी बारीक भोकाची चकती, नळीच्या टोकाला एक कडी, बस्स. आणि दहा मीटरच्या त्या कागदावर मधला दहाचा ठिपका केवढा, तर अर्धा मिलिमीटर. आमच्या टॉवेलाचा दोराही बहुधा त्याहून जाड भरेल. तेव्हा स्पर्धेचा विचार असेल तर रायफलही वेगळी, दृष्टीही वेगळी. नुसती हौस असेल, कागद आणि डबे पाडायचे असतील, तर पुढचं वाचावं.

माझी हौस गड्ड्यातली, म्हणजे सोलापूरच्या गड्डा यात्रेतली. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर फुगे फोडायचे ठेले लागतात, ते सोलापूरकराला सांगायला नको. लहानपणी चार आण्यात जेवढे छर्रे मिळायचे तेवढ्यात माझा शहाणपणा असा की पहिला छर्रा मी फुग्यावर मारायचोच नाही. मागच्या फळीवरच्या एखाद्या डागावर मारायचो आणि छर्रा कुठं ठोकतोय ते बघायचो. ठेल्यावरच्या बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, वाकडी असणार हे गृहीतच. छर्रा चार बोटं उजवीकडं गेला, की पुढचे सगळे नेम चार बोटं डावीकडं धरून. फुगे फुटायचे, मित्र म्हणायचे, ‘काय बे, जादू शिकलास काय?’ पण ही सवय पुढं नडली. बंदुकीचा दोष समजून घ्यायचा आणि त्याच्याशी जुळवून घ्यायचं, एवढंच मला येत होतं. दोष शोधून काढायचा असतो हे ठेल्यावर कोण शिकवणार?

निवृत्तीनंतर घेतलेली माझी रायफल साधी आहे. स्प्रिंगची, नळी मोडून भरायची, ४.५ मिलिमीटरची. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळी ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि छऱ्याचा जोर २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. जावयाचं मंद्रूपकडं शेत आहे. विहीर खणली तेव्हाचा मुरमाचा ढिगारा तिथं अजून तसाच उभा आहे, त्याच्यापुढं वाळूची पोती रचली आणि पोत्यांवर कागद लावला. अंतर टेपनं मोजून वीस मीटर.

पहिल्या दिवशी छर्रे नेमाच्या पंधरा सेंटिमीटर खाली आणि चार सेंटिमीटर डावीकडं. स्कोपच्या डोक्यावर एक गुंडी असते, बाजूला एक. वरच्या गुंडीवर बाण काढून ‘अप’ लिहिलेलं असतं. त्या बाजूला फिरवली की छर्रा वर जातो. बरेचजण इथंच घोटाळा करतात, त्यांना वाटतं स्कोपमध्ये दिसणारी नेमाची फुली वर जाईल. नाही, छर्रा वर जातो. मी फिरवत गेलो, टिक टिक टिक. शंभराच्या पुढं गेल्यावर गुंडी जड झाली, मग अडलीच. कागदावर छर्रे आता मधल्या उंचीला यायला लागले होते, पण एक इथं, एक तिथं, मूठभर शेंगदाणे फेकावेत तसे. दुकानात गेलो. ‘काका, स्कोप गेलाय.’ दुसरा घेतला. त्याचंही तसंच. घरात बोलणी बसली ती वेगळीच. आमच्याकडं शेंगाचटणी करून विकतात, त्या पैशात नवं मिक्सर आलं असतं हे मला आजही ऐकावं लागतं.

त्या संध्याकाळी रायफल विकायची म्हणून पुसायला घेतली. मांडीवर आडवी होती. लाकडी दस्त्याच्या पुढच्या भागात डाव्या-उजव्या अंगाला एकेक स्क्रू असतो. फडकं त्यावरून गेलं आणि स्क्रूचं डोकं फडक्याबरोबर फिरलं. मी फडकं बाजूला ठेवलं. अंगठ्याच्या नखानं फिरवून बघितलं, तर पाऊण फेरा नुसत्या नखानं बसला. दुसऱ्या बाजूचाही तसाच. चापाच्या कडीजवळचा तेवढा घट्ट होता. म्हणजे नळी आणि दस्ता यांची गाठच सुटत आली होती आणि मी वरच्या गुंड्या पिळत बसलो होतो. एकतीस वर्षांचा जॉबर!

हे स्क्रू का सुटतात, ते माग चालवलेल्याला चटकन कळेल. पिकिंग स्टिकनं, म्हणजे मागाच्या दांड्यानं, धोटा हाणला की माग एकीकडं दचकतो, आणि धोटा पलीकडच्या पेटीत आदळला की उलटीकडं. स्प्रिंगच्या रायफलीत तेच होतं. आतला पिस्टन पुढं सुटतो तेव्हा रायफल मागं ढकलली जाते, आणि पिस्टन टोकाला जाऊन थांबतो तेव्हा तिला पुढं हिसका बसतो. एका छऱ्यामागं दोन उलटे धक्के. खऱ्या मोठ्या बंदुकीचा धक्का जोराचा असला तरी एकाच दिशेचा असतो. म्हणून तिथं वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप इथं महिन्याभरात आतून खिळखिळा होऊ शकतो. खोक्यावर ‘एअर रायफलसाठी’ असं छापलेलं आहे का, ते घेतानाच बघावं.

स्क्रू आवळले. फैलाव निम्म्यावर आला, तरी छर्रे हळूहळू सरकतच होते. पहिले पाच एका जागी, पुढचे पाच बोटभर बाजूला. मग दिसलं की स्कोपच्या माउंटच्या, म्हणजे स्कोप रायफलीला धरून ठेवणाऱ्या पकडीच्या पुढं, रायफलीच्या पाठीवरच्या खाचेत, काळ्या रंगावर दोन-तीन मिलिमीटरची चकचकीत रेघ उमटली आहे. माउंट मागं सरकला होता. हाही त्या पुढच्या हिसक्याचाच प्रताप. रायफल झटकन पुढं जाते, स्कोप आपल्या वजनानं जागीच राहायला बघतो, आणि दर छऱ्याला केसभर मागं घसरतो. चांगल्या माउंटला खाली एक खिळा असतो, तो पाठीवरच्या भोकात बसवायचा असतो. माझ्या माउंटला खिळा होता आणि रायफलीला भोकही होतं. दुकानात बसवणाऱ्यानं दोघांची गाठ घालून दिली नव्हती इतकंच. खिळा बसवला, माउंट आवळला, आणि सुनेचं नेलपॉलिश मागून माउंट आणि पाठ यांच्या सांध्यावर एक बारीक लाल रेघ ओढली. ती रेघ तुटली की समजायचं, सरकला. आजवर तुटलेली नाही.

एक मात्र सांभाळावं. स्कोपभोवतीच्या कड्यांचे स्क्रू आवळताना पैलवानकी करू नये. स्कोपची नळी ॲल्युमिनियमची, पातळ असते. ती चेपली की आतलं सगळं अडखळतं. या कोपऱ्यातला थोडा, मग तिरक्या कोपऱ्यातला थोडा, असं करत जावं. आणि एलन की हातात घेण्याआधी नळीत छर्रा नाही याची खात्री करावी. मी अजूनही दोनदा बघतो.

आता मूळ दुखणं, ते पंधरा सेंटिमीटर. मोडणाऱ्या नळीच्या रायफलीत नळी पाठीच्या मानानं किंचित खाली झुकलेली असणं हे नवल नाही. डोळ्याला दिसत नाही, पण वीस मीटरवर वीतभर दिसतं. मग माणूस वरची गुंडी शेवटापर्यंत फिरवतो आणि फसतो. स्कोपच्या आत एक छोटी नळी असते, तिला एका बाजूनं गुंडीचा स्क्रू आणि दुसऱ्या बाजूनं स्प्रिंग दाबून धरते. गुंडी पार वर नेली की स्क्रू मागं येतो, स्प्रिंग सैल पडते, आणि आतली नळी दर धक्क्याला वेगळ्याच जागी बसते. मूठभर शेंगदाणे फेकल्यासारखे छर्रे पडत होते त्याचं मुख्य कारण हेच. दोन्ही स्कोप धडधाकट होते. मीच त्यांना डोंगरकड्याच्या टोकाला नेऊन उभं केलं होतं.

उपाय असा केला. गुंडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून क्लिक मोजले. माझ्या स्कोपचे दोनशे चाळीस भरले. एकशेवीस मागं येऊन गुंडी मधोमध ठेवली. बाजूच्या गुंडीचंही तसंच. मग मागची कडी उघडून स्कोपखाली पातळ पट्टी घातली, म्हणजे स्कोपची मागची बाजू उचलली जाते आणि छर्रा वर जातो. पट्टी कसली? मुलीच्या लग्नातल्या फोटोंच्या निगेटिव्हचा तुकडा. मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढा जाड. दोन कड्यांत दहा सेंटिमीटर अंतर, त्यामुळं वीस मीटरवर एका तुकड्यानं छर्रा जवळजवळ पावणेतीन-तीन सेंटिमीटर वर आला. दोन तुकडे घातले. त्याहून जास्त थर घातले तर कड्यांत स्कोप वाकवल्यासारखा बसतो, म्हणून तिथंच थांबलो. नळीचा झुकाव याहून जास्त असेल तर मागून उंच असलेले माउंट मिळतात, तेच घ्यावेत. उरलेले नऊ-साडेनऊ सेंटिमीटर गुंडीनं काढले. (निगेटिव्हवर व्याही होते, घरात अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.)

क्लिकचा हिशेबही लोकांना दुकानात कुणी सांगत नाही. बऱ्याच स्कोपांवर पाव मिनिट लिहिलेलं असतं. हे मिनिट वेळेचं नव्हे, कोनाचं माप. त्याचा अर्थ शंभर मीटरवर एका क्लिकला साधारण सात मिलिमीटर. वीस मीटरवर त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे दीड मिलिमीटरहून थोडं कमी. दहा मीटरवर त्याच्याही निम्मं. तेव्हा वीस मीटरवर चार सेंटिमीटर सरकवायचे असतील तर सत्तावीस-अठ्ठावीस क्लिक लागतात. लोक चार क्लिक फिरवतात, काही फरक दिसत नाही, आणि म्हणतात गुंडी चालत नाही.

फुली तिरकी बसणं हा आणखी एक छुपा रोग. वीस मीटरवर बरोबर लागतं, चाळीसवर एका बाजूला जातं, दहावर दुसऱ्या बाजूला, आणि माणूस वाऱ्याला शिव्या घालतो. यावर माझा इलाज गवंड्याचा ओळंबा. शेतावरच्या शेडच्या आढ्याला ओळंबा टांगला, दोरी स्थिर होऊ दिली, रायफल सरळ धरली आणि फुलीची उभी रेघ त्या दोरीवर ठेवून कड्या आवळल्या. बाजारात यासाठी छोटी पाणसळ मिळते म्हणतात. ओळंब्यापुढं मला तिची गरज वाटली नाही.

फुली कागदावर तरंगते, डोकं हललं की ती ठिपक्यावरून घसरते, असं होत असेल तर स्कोप लांब पल्ल्यासाठी जुळवलेला आहे. पुष्कळ स्कोप शंभर यार्डांचा हिशेब धरूनच बनतात. पुढं फिरवायची कडी असलेला, दहा-पंधरा मीटरपासून जुळवता येणारा स्कोप असेल तर उत्तम. नसेल तर गाल दर वेळी एकाच जागी टेकवायचा. मी दस्त्यावर गालाच्या जागी चिकटपट्टीचा तुकडा लावलाय. गालाला तो लागला की डोळा जागेवर आला.

छऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. एका डबीतले छर्रे सराफ शेजाऱ्याच्या काट्यावर टाकले तर काही अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, काही त्याहून बरेच जड, काहींची शेपटी चेपलेली. चेपलेले वगळायचे. दोन-तीन प्रकारचे आणून बघायचे, रायफलीला एखादा मानवतो. प्रकार बदलला की पुन्हा झिरो करायचं, म्हणजे गुंड्या फिरवून छर्रा नेमावर आणायचा. आणि नळी जिथं मोडते त्या सांध्यावर कापसाचा पुंजका ठेवून एकदा मारून बघायचं. पुंजका उडाला तर सांध्याची रबरी कडी झिजली आहे, हवा तिथून जाते.

टेकू मात्र महत्त्वाचा. मी सुरुवातीला रायफल थेट लाकडी ओंडक्यावर टेकवत होतो. स्प्रिंगची रायफल कठीण वस्तूवर टेकवली की तो दुहेरी धक्का तिला उडवतो आणि छर्रा भलतीकडं जातो. तिला मऊ आणि सैल धरावं लागतं. आता पोत्यावर सोलापुरी चादर चार घड्या करून ठेवतो, तिच्यावर डावा तळहात, तळहातावर रायफल, पकड नुसती टेकल्यासारखी. मूठ आवळली की बिघडलं. गावची चादर एरवी पाहुण्यांना भेट देतो, तिचा हाही उपयोग आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि एका छऱ्यावरून गुंडीला हात लावू नये. पाच मारायचे, पाचांचा मध्य काढायचा, मग क्लिक मोजून फिरवायचे, पुन्हा पाच. पाच छर्रेच पसरलेले असतील तर गुंडी फिरवण्यात अर्थच नाही, परत स्क्रूंपासून सुरू करायचं.

आता ज्यासाठी संपादकांना लिहिलं ते. या सगळ्यातलं एक अक्षरही मला रायफलीबरोबर मिळालं नाही. इंग्रजीतला कागद होता, त्यात स्क्रू तपासा असं लिहिलंही असेल, मला वाचता आलं नाही. विकणाऱ्यांनी अर्धं पान मराठीत छापून द्यावं. स्क्रू कुठं असतात, माउंटचा खिळा कुठं बसतो, एवढं जरी असलं तरी दोन हजारांचा स्कोप वाचेल. त्याच पानावर हेही असावं की छर्रा कागद फोडून थांबत नाही, दोन-तीनशे मीटर सहज जातो, दगडावरून उलटून येतो. म्हणून गच्चीवर, बोळात, दगडी भिंतीवर मारायचं नाही, चष्मा घालायचा, छर्रा न भरता चाप ओढायचा नाही. आणि पाखरांवर धरायची नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, आणि नान्नजच्या माळढोकासाठी देशभर ओळखला जाणारा आपला जिल्हा. स्कोप हातात आला की काही पोरांची नजर पहिल्यांदा विजेच्या तारेवर जाते, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

त्या गृहस्थांनी बदललेला पहिला स्कोप फेकून दिला नसेल तर जपून ठेवावा, बहुतेक तो चांगलाच असणार. आपल्या कार्यालयानं माझा पत्ता त्यांना कळवायला माझी हरकत नाही. लेकीला घेऊन एखाद्या रविवारी मंद्रूपला यावं, पण सकाळी सातच्या आत, उन्हाळ्यात त्यानंतर वारं सुटतं आणि कागद दिसायचा थांबतो. येताना रायफल पिशवीत आणि छर्रे वेगळे आणावेत. आणि तोवर गुंड्यांना हात लावू नये, मला त्या कुठं अडल्या आहेत ते बघायचंय.

आपला,
एक निवृत्त जॉबर
अशोक चौक, सोलापूर